रणपिसे मॅडमची उजळणी

रणपिसे मॅडमना कुणी 'सॉरी' म्हटलेलं खपत नाही.

भोरच्या एसटी स्टँडवर एकदा गर्दीत एका गृहस्थांचा पाय त्यांच्या पायावर पडला. तसा दोष कुणाचाच नव्हता. महाडची गाडी फलाटाला लागली की तिथं कुणाचेच पाय आपले राहत नाहीत. गृहस्थ घाईघाईनं "सॉरी मॅडम" म्हणून गाडीच्या दाराकडे वळले, तोच मॅडमनी त्यांची बाही धरली.

"थांबा. काय झालं?"

"काय न्हाई. सॉरी म्हनलं."

"ते ऐकलं. त्याआधी काय झालं?"

"पाय पडला."

"कुणाला लागलं?"

"तुमाला."

"आता काय करणार?"

गृहस्थ एकदा मॅडमकडे आणि एकदा गाडीकडे बघत राहिले. गाडी त्यांची वाट न बघता निघून गेली. शेवटी त्यांनी मॅडमच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि घरापर्यंत पोचवली. मॅडमनी त्यांना चहा पाजला, पुढच्या गाडीची वेळ सांगितली आणि दारापर्यंत येऊन निरोप दिला. ते गृहस्थ अजूनही कधीमधी स्टँडवर दिसतात. मॅडम समोर आल्या की आधी स्वतःच्या पायांकडे बघतात आणि मग नमस्कार करतात.

"सॉरी हा ढेकर आहे," मॅडम म्हणतात. "देणाऱ्याचं पोट हलकं होतं. समोरच्याला काय मिळतं? वास."

इंदुमती रणपिसे आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. मी अर्थशास्त्र शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे त्यांचं तर्कशास्त्र त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा माझ्याच वाट्याला जास्त आलंय. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. या बुटांमुळे त्या येताना ऐकू येत नाहीत. कॅन्टीनवाला "आत्ता आणतो" म्हणाला तर त्या विचारणार, "आत्ता म्हणजे आत्ता, की मग?" शिपाई "साहेब जरा बाहेर गेलेत" म्हणाला तर, "जरा गेलेत म्हणजे अर्धे आत आहेत का?" एकदा मी सहज म्हणालो, "आज काय थंडी आहे!" तर म्हणाल्या, "हे विधान आहे की प्रश्न? प्रश्न असेल तर उत्तर, हो, थंडीच आहे."

तर्कशास्त्राला मुलं कमी येतात. मॅडमना वेळ बराच मोकळा असतो असं पाहून प्राचार्यांनी त्यांच्या गळ्यात शिस्त समिती घातली. तोवर आमची शिस्त समिती सरळ होती. मुलानं नियम मोडला की दंड. पुन्हा मोडला की पालकांना पत्र. तरीही ऐकलं नाही तर निलंबन. मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "दंड कोण भरतं?"

"विद्यार्थी," प्राचार्य म्हणाले.

"त्याच्याकडे पैसे कुठून येतात?"

"वडिलांकडून."

"वडील काय करतात?"

"असतील कुणी दूधवाले."

"म्हणजे सिगारेट मुलगा ओढणार आणि जास्तीचं दूध म्हशीनं द्यायचं. आणि निलंबन कुणाला करतो आपण?"

"जो वर्गात बसत नाही त्याला."

"त्याला आपण काय सांगतो?"

"वर्गात बसू नकोस," प्राचार्य म्हणाले आणि स्वतःच चपापले.

अशा रीतीनं दंड गेला, पत्रं गेली आणि मॅडमची 'उजळणी' सुरू झाली. नियम मोडणाऱ्यानं शनिवारी तास संपले की ग्रंथालयामागच्या खोलीत यायचं. तिथं रागावणं नाही, उठाबशा नाहीत, 'मी यापुढे असे करणार नाही' असं लिहून देणंही नाही. फक्त तीन प्रश्न. काय झालं? कुणाला लागलं? आता काय करणार? ऐकायला सोपं वाटतं. पण घाम फुटलेली मुलं मी पाहिली आहेत. मला त्यांनी समितीत घेतलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसता. समितीला असा एक माणूस लागतो."

उजळणीचा पहिला मानकरी ओंकार. त्याच्याकडे बुलेट होती आणि बुलेटचा सायलेन्सर त्यानं असा बदलून घेतला होता की गाडी चालताना मधेच फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. कॉलेजच्या आवारात त्यानं तो वाजवला. प्रयोगशाळेतल्या एका मुलीच्या हातून काचेची नळी पडली आणि ओंकार उजळणीला आला.

"कुणाला लागलं?" मॅडमनी विचारलं.

"कुनाला न्हाई मॅडम. नुसता आवाज हुतो."

"नुसता आवाज कुणाकुणाला होतो ते बघू या."

आणि मॅडम साडीचा पदर खोचून त्याच्या मागे बुलेटवर बसल्या. भोरच्या बाजारपेठेतून ती वरात निघाली. ठरलं असं होतं की ओंकारनं नेहमीसारखी गाडी वाजवायची आणि दर चार घरं सोडून खाली उतरून विचारायचं, "कसं वाटलं?" एका किराणावाल्यानं सांगितलं की ह्या आवाजानं त्याची मोजणी चुकते. एका बाईनं झोपलेलं बाळ उठल्याचं सांगून बाळच ओंकारच्या हातात दिलं. ओंकारचा चेहरा उतरत चालला होता आणि मॅडमचा खुलत चालला होता. मग एका बोळाच्या तोंडाशी ओट्यावर एक म्हातारी बसली होती. ओंकारनं पडेल आवाजात विचारलं, "आजी, कसं वाटलं?"

"लई ब्येस!" आजी म्हणाली. "रोज येत जा की रं!"

मॅडम गाडीवरून उतरल्या. "आजी, त्रास नाही होत?"

"आवो तरास कसला? आमच्या म्हाताऱ्याला काय म्हंजे काय ऐकू येत न्हाई. म्या कानात वरडले तरी न्हाई. पर ह्ये फटफटलं की हसतंय बगा. मला म्हनतंय, आली गाडी."

आत खाटेवर एक म्हातारा खरोखरच हसत बसला होता.

मॅडम पुन्हा गाडीवर बसल्या. मग ओंकारला म्हणाल्या, "इथं वाजवायचं. संध्याकाळी, एकदाच. बाकी गावात नाही." ओंकारनं सायलेन्सर बदलला, पण जुना घरी जपून ठेवला. त्या म्हाताऱ्यासाठी रोज संध्याकाळी तो बसवायचा, एक फटाका उडवायचा, पुन्हा काढायचा. इतकी खटपट कशाला करतोस असं मी विचारलं तर म्हणाला, "सर, ते वाट बगत्यात."

दुसरी तनुजा. मार्गासनीची मुलगी. हिचा अपराध म्हणजे मैत्रिणींची हजेरी. ती एकटी मागच्या बाकावर बसून अर्ध्या वर्गाची हजेरी लावायची, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. घोगरा, नाकातला, लाजरा, सर्दी झालेला. माझ्याच तासाला हे कित्येक महिने चाललं होतं आणि वर्ग भरलेला असतो या समाधानात मी अर्थव्यवस्था शिकवत होतो. एक दिवस जिची हजेरी लागली तीच मुलगी खिडकीबाहेर भेळ खाताना दिसली.

"कुणाला लागलं?" मॅडमनी विचारलं.

"कुणालाच नाही," तनुजा म्हणाली. "उलट पोरींची सोय झाली."

"त्या तासाला काय शिकवलं ते त्यांना कळलं?"

"नाही."

"तुला कळलं?"

"मी आवाज लक्षात ठेवत होते मॅडम."

मग मॅडमनी उपाय काढला. जिच्या जिच्या नावानं तिनं 'हजर' म्हटलं, तिला तिला तो तास तनुजानं शिकवायचा. आता शिकवायचं म्हणजे आधी ऐकणं आलं. तनुजा पहिल्या बाकावर येऊन बसली. आणि दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात तिचे तास सुरू झाले. प्रत्येक विषय त्या त्या प्राध्यापकाच्या आवाजात. माझ्या तासाला होती त्याच्या दुप्पट गर्दी माझ्या नकलेला होती. मी प्रत्येक वाक्य 'म्हणजे असं आहे बघा' म्हणून सुरू करतो हे मला तिथं कळलं. प्राचार्य खिडकीआड उभे राहून स्वतःचं भाषण ऐकत होते आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी इतकं चांगलं बोलतो?"

असं सगळं मजेत चाललं होतं. उजळणीला जाणं कॉलेजात बदनामीचं राहिलं नव्हतं. मग भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी मॅडमचा मोबाईल हरवला.

तासाला जायच्या आधी टेबलावर होता आणि आता नव्हता. आम्ही रिंग दिली, पण कॉलेजात मोबाईल गप्प ठेवायचा हा त्यांचाच नियम. ड्रॉवर पाहिले, कपाटामागे पाहिलं. शिपायानं सांगितलं की स्टाफरूमसमोर दुसऱ्या वर्षाचा सागर कडू घुटमळत होता. सागर विंझरच्या पुढे आत डोंगराकडे एक वाडी आहे, तिथला. वसतिगृहात राहायचा. शांत मुलगा, तर्कशास्त्र घेतलेल्या थोड्यांपैकी एक. तो निबंध द्यायला आला होता हे नंतर कळलं.

मॅडम तरातरा सागरच्या वर्गात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी काय झालं असं विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. भरल्या वर्गासमोर सागरला उभं केलं आणि म्हणाल्या, "चोरी करायला माझाच फोन सापडला? खिसे रिकामे कर."

सागरनं खिसे रिकामे केले. एसटीचा पास निघाला, एक पेन, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी. ती सुटली आणि दाणे फरशीवर पसरले. फोन निघाला नाही. सागर वाकून दाणे गोळा करू लागला तेव्हा मागच्या बाकांवरून हसू आलं. मॅडम तशाच बाहेर पडल्या.

दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. मॅडम जेवत नव्हत्या, त्यांच्या डब्याची पिशवी बंदच होती. अचानक त्या पिशवीतून आवाज आला, "इंदू, गोळी. इंदू, गोळी."

सगळे दचकले. पिशवी पुन्हा म्हणाली, "इंदू, गोळी घे."

आवाज मॅडमचा होता. रक्तदाबाच्या गोळीची आठवण म्हणून त्यांनी स्वतःच्याच आवाजात गजर भरून ठेवला होता आणि फोन गप्प असला तरी गजर वाजतोच. सकाळी तासाच्या गडबडीत फोन पिशवीत त्यांनीच टाकला असणार. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी स्टाफरूम हसली. मीही हसलो. हसता हसता माझ्या मनात आलं की मॅडमना 'इंदू' म्हणणारं आता दुसरं कुणी नाही की काय.

मॅडमनी फोन काढला, गजर बंद केला, गोळी घेतली आणि उठून पुन्हा त्या वर्गाकडे गेल्या. सागर नव्हता. वसतिगृहात माणूस पाठवला. त्याची खाट रिकामी होती, पत्र्याची पेटीही नव्हती. दुपारच्या गाडीनं तो घरी गेला होता.

एक दिवस गेला, आठवडा गेला, सागर आला नाही. फोन लावला तर लागत नव्हता. प्राचार्यांनी मॅडमना समजावलं, "जाऊ द्या मॅडम. तक्रार कुणाची नाही. प्रकरण मिटलं."

"मिटलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मिटलं असतं तर तो वर्गात असता. विद्यार्थ्याचा भर वर्गात अपमान करू नये असा आपला नियम आहे. मी तो मोडलाय. शनिवारी मी उजळणीला बसणार."

"तुम्हीच? आणि घेणार कोण?"

"ज्यांनी केलीय ते."

त्या शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत मॅडम मुलांच्या बाकावर बसल्या. समोरच्या खुर्चीत तनुजा, तिच्या शेजारी उभा ओंकार, आणि कोपऱ्यात गप्प बसणारा मी. तनुजानं नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, मला नाही जमणार."

"माझ्या आवाजात विचार. मग जमेल."

तनुजा उठली. ओढणी पदरासारखी खोचली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "काय झालं?"

खोलीत जणू दुसऱ्या रणपिसे मॅडम आल्या. ओंकारनं हसू दाबलं. खऱ्या मॅडम मात्र बाकावर ताठ झाल्या.

"माझा फोन सापडत नव्हता. मी एका मुलाला, सागरला, वर्गासमोर चोर ठरवलं."

"ते ऐकलं. त्याआधी काय झालं?"

तनुजा चांगली शिकली होती.  मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"त्याआधी मी घाबरले," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"हल्ली मी वस्तू कुठं ठेवते ते माझ्या लक्षात राहत नाही. किल्ली. चष्मा. परवा गॅसवर दूध विसरले. फोन दिसेना तेव्हा पहिल्यांदा मनात हेच आलं की मीच कुठंतरी टाकला. ते खरं ठरू नये असं मला वाटलं. म्हणून मी तो दुसऱ्याच्या खिशात शोधला."

ओंकारचं हसू कधीच गेलं होतं. तनुजा ओढणीचं टोक पिळत होती. पण तिनं आवाज सोडला नाही. "कुणाला लागलं?"

"सागरला."

"आणखी?"

"त्याच्या आईवडिलांना. त्यानं घरी सांगितलं असेल तर."

"आता काय करणार?"

"त्याच्या घरी जाणार. उद्या."

"मॅडम, मी सोडतो बुलेटवर," ओंकार एकदम म्हणाला. "सायलेन्सर चांगला हाये आता."

"नको," मॅडम म्हणाल्या. "मी एसटीनं जाईन. वाटेत जरा विचार करता येईल." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही याल का? तुम्ही बोलू नका. पण या."

रविवारी सकाळी आम्ही भोरहून निघालो, नसरापूरला गाडी बदलली आणि वेल्ह्याच्या गाडीत बसलो. मॅडम खिडकीशी. मार्गासनी गेलं, रस्त्याकडेला कापलेल्या भाताचे भारे दिसू लागले, समोर तोरणा वर यायला लागला. इतक्या वेळात मॅडमनी एका शब्दानं कुणाशी वाद घातला नाही. कंडक्टर "पुढं सरका जरा" म्हणाला, तर जरा म्हणजे किती असंही विचारलं नाही. मला काळजी वाटली.

विंझरला उतरून आत चालायला लागलो. कडूंचं घर वाडीच्या टोकाला होतं आणि घरापुढच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. दोन-तीन शेजारणी, सागर, आणि सागरची आई. वडील टेम्पो घेऊन पुण्याला गेले होते. सागरनं आम्हाला पाहिलं आणि हातातला पेंढा हातातच राहिला. त्याची आई कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"तुमीच का त्या फोनवाल्या बाई?"

"हो. मीच."

"मंग आता काय ऱ्हायलंय? घराची झडती घ्यायला आलाय व्हय?"

"नाही. सांगायला आलेय."

"मंग सावलीला बसून सांगा. उनात उबं ऱ्हाऊ नगा." तिचा राग काही कमी झाला नव्हता, तरी घोंगडी अंथरलीच.

"बसून नको," मॅडम म्हणाल्या. "त्याला मी उभं केलं होतं." आणि झोडणी थांबवून बघत असलेल्या शेजारणींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी तुमच्या मुलाला सगळ्या वर्गासमोर चोर म्हटलं. त्याला खिसे उलटे करायला लावले. फोन माझ्याच डब्याच्या पिशवीत होता, मीच टाकला होता. सागरनं काहीही केलेलं नव्हतं. चूक सगळी माझी आहे. मी विचारायला हवं होतं, आणि विचारलं नाही."

 सागरची आई पोराकडे वळली. "आरं, मंग तू गप का ऱ्हायलास? मी न्हाई घेतला म्हनून सांगायचं न्हाई?"

सागर खाली बघत होता. "मला वाटलं आसंल."

"काय आसंल?"

"मॅडम कदी चुकीचं बोलत न्हाईत. सगळं इचार करून बोलत्यात. त्या म्हनल्या फोन तुज्याकडं हाय, तर मला वाटलं आसंल कसातरी. खिशात हात घातला तवा मलाच भ्या वाटलं, खरंच निगतोय का काय."

मॅडम घोंगडीवर बसल्या.  

"आन् फोन घावल्याचं कळलं मला," सागर पुढं म्हणाला. "माजा फोन खोलीवर आसतो, त्यावर मित्रानं मेसेज केला हुता. पर त्या दिवशी वसतिगृहात गेलो तर पोरं मला बगून आपापलं खिसं उलटं करायला लागली. जिन्यात, मोरीत, जिथं जाईल तिथं. गंमत म्हनून. मंग म्या फोन बंद केला आन् आलो निघून."

"दानं म्या बांदून दिलं हुतं," त्याची आई मधेच म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "सांडलं ना समदं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "सांडले. मी ते उचलायलाही थांबले नाही." आणि मग सागरला म्हणाल्या, "उद्या मी त्याच वर्गात, त्याच जागी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. आत्ता सांगितलं तसंच."

"आन् म्या आलो न्हाई तर?"

"तरी सांगणार. तू यावंस म्हणून नाही सांगत. झालं ते तसं झालं, म्हणून सांगणार."

सागरनं हातातला पेंढा खाली ठेवला. त्याच्या आईनं पदरानं तोंड पुसलं. "बोलनं झालं आसंल तर हात धुवा. भाकरी तयार हाये."

तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी आणि नव्या तांदळाचा भात. वाफ असलेला, जरा चिकट, गोड. शेजारणीही आमच्याबरोबर बसल्या. जेवता जेवता सागरच्या आईनं बायका बायकांना विचारतात ते विचारलं.

"घरी कोन कोन आसतं तुमच्या?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"आन्?"

मला वाटलं, आता मॅडम एखादा चिमटा काढतील. पण त्या ताटाकडे बघत होत्या.

"आई होती. गेली ती. दोघीच असायचो आम्ही. अजून भात लावताना दोघींचा लावते. एकटीचा किती घालायचा ते हाताला कळतच नाही."

 सागरच्या आईनं नुसता आणखी एक डाव भात मॅडमच्या ताटात घातला आणि वर आमटी ओतली. मॅडम पुरे म्हणाल्या नाहीत.

जेवणं झाली. गाडीची वेळ होत आली होती, मी चपला घातल्या. मॅडमही उठल्या. तेव्हा सागरची आई सूप हातात घेत म्हणाली, "बाई, तुमी कुटं निगालाय? एवडी रास वारायची पडलीय, आन् मानसं हायेत का हितं? लागा की जरा. ऱ्हावा आजच्याला. उद्याच्याला सागरसंगं जावा."

सागरनं चटकन आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सूप झटकत होती.

माणसं तर तिथं होती. शेजारणी होत्या, सागर होता. मॅडमना हा मुद्दा दिसला नसेल असं होणार नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही व्हा पुढे."

मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर मॅडमनी पांढरे बूट काढून ओट्याशी नीट जोडीनं ठेवले होते आणि त्या खळ्यावर सूप धरून उभ्या होत्या. त्यांनी धान्य वर उडवलं ते सगळं, कोंड्यासकट, त्यांच्याच अंगावर आलं. शेजारणी खो खो हसल्या. सागरची आई म्हणाली, "आवो वाऱ्याकडं पाट करा, तोंड न्हाई!" मॅडम निमूटपणे वळल्या.

सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं आले. सागरच्या खांद्यावर पेटी होती. मॅडम सरळ वर्गात गेल्या, मीही दाराशी उभा राहिलो. त्यांनी सागरला बसवलं, स्वतः फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. खळ्यावर सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता. शेवटी त्यांनी आपली पर्स टेबलावर उलटी केली. खडूचे तुकडे, गोळ्यांची पाकिटं, दोन चष्मे, एक चमचा आणि कुठल्याही कुलपाची वाटेल अशी एक गंजकी किल्ली.

"यातलं निम्मं कुठून आलं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी विसरते. आता हे तुम्हाला माहीत झालं. यापुढे माझी वस्तू हरवली तर आधी मला शोधायला मदत करा."

वर्ग हसला, पण हे हसू वेगळं होतं. समोरच्या बाकावरची तनुजा उठली आणि वस्तू पर्समध्ये भरू लागली. मागच्या बाकावरचे दोघं जण मान खाली घालून बसले होते. कुणी न सांगता ते पुढच्या शनिवारी उजळणीला आले, आणि त्यानंतर सागर वसतिगृहाच्या जिन्यातून चढताना कुणी खिशाला हात लावला नाही.  त्या दिवशी सागरनं वही उघडली आणि तास सुरू व्हायची वाट पाहू लागला.

तास झाला आणि मॅडम स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या अंबाड्यात भाताच्या पेंढ्याची एक काडी अडकली आहे. पिवळी, चांगली बोटभर लांब. सकाळपासून ती तशीच एसटीत, वर्गात, सगळीकडे फिरली असणार, आणि एवढ्या पोरांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचा हात सहज केसांकडे गेला आणि काडीला लागला. बोटांनी ती चाचपली, काय आहे ते ओळखलं.

मग त्यांनी हात खाली घेतला, काडी तशीच राहू दिली आणि तपासायचे पेपर पुढ्यात ओढले.